हरभऱ्याच्या चार पावत्या

माझ्याकडे किराणा दुकानाच्या चार पावत्या आहेत. दोन 1996 च्या पावसाळ्यातल्या, दोन त्यापुढच्या मार्चमधल्या. हरभरे इतके किलो, गहू इतके किलो, खाली कॉलेजचा शिक्का आणि ‘मंजूर’ या शब्दापुढे माझी सही. ऑफिसातले जुने कागद रद्दीत निघाले तेव्हा मी त्या मागून घेतल्या. संशोधनात माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक या चार कागदांवर तारीखवार नोंदलेली आहे.

त्या काळी मी एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होतो आणि अ‍ॅनिमल हाउसची जबाबदारीही माझ्याकडे होती. एम. फार्म.ची एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी माझ्याकडे आली. तिला मी सोडियम ब्रोमाइडचा विषय दिला. विषय माझ्या आवडीचा होता, तिने निवडलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची किंमत तिने मोजली.

ब्रोमाइडचं मला विद्यार्थिदशेपासून आकर्षण होतं. 1826 मध्ये बालार या तरुण फ्रेंच रसायनतज्ज्ञाने माँपेलिएजवळच्या मिठागरांच्या पाण्यातून ब्रोमिन वेगळं काढलं. पुढे 1857 च्या मे महिन्यात लंडनच्या एका वैद्यकसभेत अपस्मारावर चर्चा चालू असताना, राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक उठले आणि म्हणाले, पाळीच्या दिवसांत फिट येणाऱ्या 15 जणींना मी पोटॅशियम ब्रोमाइड दिलं, 14 जणींना गुण आला. त्यामागची त्यांची समजूत चुकीची होती. अपस्माराचं मूळ कामवासनेत आहे आणि ब्रोमाइड ती शमवतं, असं त्यांना वाटत होतं. पण औषध खरं निघालं. अपस्मारावर खात्रीने चालणारं ते पहिलं औषध. 1912 मध्ये फिनोबार्बिटल येईपर्यंत त्याला तोडीस तोड काही नव्हतं.

नंतर ब्रोमाइड मागे पडलं, त्याला कारणही तसंच होतं. माणसाच्या शरीरातून ते निम्मं व्हायलाच सुमारे 12 दिवस लागतात. रोज घेतलं की साठत जातं. मग अंगावर पुरळ, तोल जाणं, बोलणं अडखळणं, भ्रम होणं. जुन्या दवाखान्यांमध्ये याला ‘ब्रोमिझम’ म्हणत. त्यावरचा उपाय मी दर वर्षी वर्गात शिकवत असे: मीठ द्या. मीठ पोटात गेलं की ब्रोमाइड लवकर बाहेर पडतं. परीक्षेत हा प्रश्न मी दोनदा घातला होता. हे वाक्य मला तोंडपाठ होतं, आणि तरीही पुढचं सगळं घडलं.

मला जे करायचं होतं ते साधं होतं. नव्या औषधांनी ज्यांच्या फिट थांबत नाहीत अशा मुलांना ब्रोमाइड देऊन पाहिल्याचे अनुभव जपानमधले डॉक्टर लिहीत होते. कुत्र्यांच्या अपस्मारावर पशुवैद्य ते वापरत होतेच. मला वाटलं, अपस्माराचं हळूहळू मुरत जाणं ज्या उंदरांत दिसतं त्यांना ब्रोमाइड लहान मात्रेत, बरेच दिवस देऊन पाहावं. त्यासाठीची पद्धत रुळलेली आहे. पांढऱ्या विस्टार उंदराला पेंटिलिनटेट्राझोल हे द्रव्य एक दिवसाआड पोटात टोचायचं, किलोमागे 35 मिलिग्रॅम. पहिल्या वेळी त्याला काही होत नाही. काही आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेला तो थरथरू लागतो, मग पुढचे पाय झटकतो, मग मागच्या पायांवर उभा राहून कोसळतो. रासिन यांनी 1972 मध्ये ठरवलेल्या पायऱ्यांवरून शून्य ते पाच असे गुण द्यायचे. मेंदूला फिटची सवय लागत जाते ती अशी डोळ्यांसमोर दिसते. त्याच उंदरांना रोज सोडियम ब्रोमाइड दिलं तर ही सवय लागणं थांबतं का, एवढाच प्रश्न होता. मात्रा ठरवली किलोमागे 50 मिलिग्रॅम.

पहिली तुकडी जुलैमध्ये सुरू झाली. निकाल फार सुंदर आला. नुसतं पाणी दिलेले उंदीर पाचव्या आठवड्यात चार-पाचच्या पायरीवर पोचले होते. ब्रोमाइड दिलेले बहुतेक उंदीर एकच्या वर गेले नाहीत. जरा सुस्त होते, पण फिट नव्हती. मी संध्याकाळी पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसून राहायचो. इतक्या लहान मात्रेत इतका परिणाम कुठे वाचला नव्हता. इथे मी थांबायला हवं होतं. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला की तो तपासायचा, हे मी इतरांना सांगत आलो होतो. माझा स्वतःचा चांगला निकाल मात्र मी लगेच खरा धरला, आणि डिसेंबरच्या एका परिषदेत वाचून दाखवला.

रक्तातलं ब्रोमाइड मोजलं नव्हतं. मोजता आलं असतं. प्रथिनं साकळून घेतलेल्या रक्तद्रवात गोल्ड क्लोराइड घातलं की तांबूस रंग येतो आणि तो कलरीमीटरवर वाचता येतो. जुनी, सोपी पद्धत. पण गोल्ड क्लोराइडची छोटी बाटलीही महाग, खरेदीचा अर्ज, तीन कोटेशन, वाट पाहणं. मी म्हटलं, मात्रा आपण स्वतः मोजून देतोय, मग रक्तात पाहायची काय गरज? माझ्या सगळ्या चुकांचं बूड या एका वाक्यात आहे. मी उंदराच्या तोंडात किती घातलं ते मला माहीत होतं. त्याच्या अंगात किती उरलं ते माहीत नव्हतं, आणि औषध काम करतं ते उरलेलं.

ऑक्टोबरमध्ये दुसरी तुकडी सुरू केली होती. परिषदेच्या आधीच तिचे पहिले आकडे यायला लागले होते आणि ते वाईट होते. ब्रोमाइड दिलेले उंदीरही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जात होते. मी परिषदेत त्याबद्दल बोललो नाही. तुकडी पुरी झालेली नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते शब्दशः खरं होतं.

जानेवारीत तुकडी संपली. परिणाम जवळजवळ नाही. विभागाच्या बैठकीत माझ्या विद्यार्थिनीने आलेख दाखवला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, “औषध तेच, मात्रा तीच, उंदीर त्याच वसाहतीतले. बदलला तो फक्त हात.” पहिल्या तुकडीत सुरुवातीची इंजेक्शनं मी दिली होती, दुसरीत सगळी तिने. बैठकीला सहा शिक्षक आणि तेवढेच विद्यार्थी होते. ती काही बोलली नाही. आलेखाची ट्रान्स्परन्सी तिने प्रोजेक्टरवरून उचलली, कागदात गुंडाळली आणि जागेवर जाऊन बसली. मला तिचं ते कागदात गुंडाळणं आजही दिसतं.

हात बदलला होता हे खोटं नव्हतं. पण बदलला होता तो एकटा हातच नव्हे.

अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. उंदरांचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. जुलैमध्ये उंदरांच्या तयार खाद्याचे पेलेट संपले होते. पुरवठादाराचं बिल कॉलेजकडे थकलं होतं, म्हणून नवी गोणी येत नव्हती. मामांनी नेहमीचा मार्ग काढला: रात्री हरभरे भिजत घालायचे, सकाळी गव्हाबरोबर द्यायचे, मधूनच गाजर. त्यांनी मला येऊन विचारलं होतं, “सर, खाणं बदललंय. वहीत लिहून ठेवायचं का?” मी म्हणालो, “खाण्याचं काय लिहायचं मामा, वजन नीट लिहा म्हणजे झालं.” ऑगस्टच्या अखेरीस बिल चुकतं झालं, पेलेट आले, आणि दुसरी तुकडी पहिल्या दिवसापासून पेलेटवर वाढली.

विद्यार्थिनीच्या वहीतही मी असाच हात घातला होता. ती नको तितके रकाने आखायची, असं मला वाटे. वजन, तापमान, पाणी, लेंड्या, खोलीतली आर्द्रता. वेळ वाचावा म्हणून त्यातले काही मी खोडून टाकले होते.

आता जे पुढे काही महिन्यांनी कळलं ते इथेच सांगतो. ब्रोमाइड आणि क्लोराइड हे एकाच घरातले. आकार आणि भार इतका सारखा, की मूत्रपिंडाला दोघांत फारसा फरक करता येत नाही. शरीर दोघांची मिळून एकूण बेरीज सांभाळतं. खाण्यातून मीठ भरपूर आलं की मूत्रपिंड दोघांनाही बाहेर सोडतं. मीठ तुटलं की दोघांनाही धरून ठेवतं. नेदरलंड्समधल्या राउव्स आणि व्हान लॉख्टेन यांनी 1975 मध्येच हे उंदरांत मोजून ठेवलं होतं. नेहमीच्या खुराकावर ब्रोमाइड निम्मं व्हायला सुमारे 3 दिवस, बिनमिठाच्या खुराकावर सुमारे 25 दिवस. पेलेटमध्ये मीठ घातलेलं असतं. भिजवलेल्या हरभऱ्यात आणि गव्हात ते नावापुरतं. म्हणजे जुलैच्या उंदरांना मी 50 मिलिग्रॅम देत होतो आणि ते साठत साठत कितीतरी पट होत होतं. ऑक्टोबरच्या उंदरांना तेवढंच देत होतो आणि ते लघवीवाटे वाहून जात होतं. कागदावर मात्रा एकच होती.

हे तेव्हा ठाऊक नसल्यामुळे मी मात्रा दुप्पट केली. फेब्रुवारीत तिसरी तुकडी, किलोमागे 100 मिलिग्रॅम, पेलेटवर. या वेळी थोडा परिणाम दिसू लागला आणि मला हायसं वाटलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेलेट पुन्हा संपले. आर्थिक वर्षाची अखेर होती, खरेदी बंद होती. मामांनी पुन्हा हरभरे आणले, मी पुन्हा पावतीवर सही केली.

तीन आठवड्यांनी ती सकाळी माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. “सर, खाली येता का?” इतकंच म्हणाली.

ब्रोमाइडच्या गटातले उंदीर पिंजऱ्याच्या तळाशी, तुसावर पोट टेकून पडले होते. उठायला गेले की मागचे पाय सरकत. एक उंदीर पाण्याच्या बाटलीपर्यंत जायचा प्रयत्न करत होता आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूला कलंडत होता. अंगावरचे केस विस्कटलेले, कारण त्यांनी स्वतःला चाटून साफ करणं सोडलं होतं. दहांपैकी तीन रात्रीतच मेले होते. बाकीच्यांना मामांनी कोमट कपड्यावर ठेवलं होतं. त्या दिवशी आणखी दोन गेले. उरलेल्यांचे हाल पाहवेनात म्हणून संध्याकाळी आम्ही ते स्वतःच थांबवले. ते काम मी केलं. तिला करायला लावलं नाही, एवढंच त्या दिवशी माझ्याकडून बरं झालं.

त्या वेळी प्राण्यांवरच्या प्रयोगांचे 1998 चे नियम यायचे होते. कुठल्या समितीला जाब द्यायचा नव्हता. आज किती प्राणी आणि का, हे लिहून द्यावं लागतं. त्या अर्जात वेळ जातो अशी तक्रार करणारे सहकारी मला भेटतात. मला ते पाच उंदीर आणि त्यांच्यानंतरचे पाच आठवतात. बरा करायचा होता तो माणसाचा अपस्मार. त्यांच्या अंगात तो आम्ही आमच्या सोयीसाठी आणला होता. त्याच्या बदल्यात त्यांना काय खायला घातलं, एवढं तरी मला ठाऊक असायला हवं होतं.

मरण्यापूर्वी घेतलेले रक्ताचे नमुने मी ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्टकडे पाठवले. त्यांचा फोन आला: सोडियम ठीक, पण क्लोराइड दीडशेच्या वर दाखवतंय. निरोगी उंदरात ते शंभराच्या आसपास असतं. मी म्हणालो, नमुना सुकला असेल किंवा तुमचं यंत्र बिघडलं असेल. ते शांतपणे म्हणाले, “नमुना सुकला असता तर सोडियमही वाढलं असतं. यंत्र सकाळपासून पन्नास माणसांचं बरोबर दाखवतंय. तुम्ही यांना देताय काय?” मी म्हणालो, ब्रोमाइड. तिकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी सांगितलं की क्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड ब्रोमाइडलाही क्लोराइडच समजतो, उलट जास्तच जोराने. यंत्राने जे दाखवलं होतं ते साठलेलं ब्रोमाइड होतं. जो आकडा मी नऊ महिने महाग म्हणून मोजला नव्हता, तो न मागता समोर आला होता.

मग मी मुंबईच्या एका ग्रंथालयात दोन दिवस बसलो. 1975 चा तो डच लेख तिथे मिळाला. बीगल कुत्र्यांवरचा 1995 चा ताजा अभ्यासही मिळाला: खाण्यात क्लोराइड 0.2 टक्के असताना ब्रोमाइड निम्मं व्हायला सरासरी 69 दिवस, 1.3 टक्के असताना 24 दिवस. म्हणजे मी परिषदेत उभा राहिलो त्याच्या वर्षभर आधी हे छापून आलं होतं. परत आल्यावर ऑफिसातून पावत्यांची फाइल मागवली आणि प्रयोगाच्या वहीशेजारी ठेवली. तारखा जुळवायला पाच मिनिटं लागली.

यानंतरचा भाग मला सांगायला सगळ्यात जड जातो. उंदरांच्या बाबतीत मी अजाणता चुकलो. इथे जाणून चुकलो. पावत्या हाती आल्यानंतर काही आठवड्यांनी दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधकाचं पत्र आलं. परिषदेतलं माझं काम त्यांनी करून पाहिलं होतं, तेवढ्या मात्रेत परिणाम मिळत नव्हता, माझ्याकडून काही बारकावा सांगायचा राहिला आहे का, असं त्यांनी अतिशय आदराने विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. मी लिहिलं की उंदरांच्या वाणात फरक असू शकेल, वाण तपासून पाहावा. खरं उत्तर मी आठ महिन्यांनी पाठवलं. त्या आठ महिन्यांत त्यांनी दुसरा वाण मागवून प्रयोग पुन्हा केला होता. त्यात किती उंदीर गेले, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

आणि ती. प्रबंधाची मुदत संपत आली होती. तिसरी तुकडी वाया गेली होती, पहिल्या दोन तुकड्यांची सांगड लागत नव्हती. नव्याने प्रयोग करायचा तर आणखी एक वर्ष, आणि घरून पैसे येणं थांबलं होतं. शेवटी परीक्षानळीत होणाऱ्या एका वेगळ्या विषयावर तिने घाईने प्रबंध पुरा केला. पास झाली. पीएच.डी. करायचं तिच्या मनात होतं, ते तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या नोकरीला लागली. तिचा हात चुकला नव्हता, हे मी तिला सांगितलं, माफीही मागितली. पण माझ्या केबिनमध्ये, दार लावून. आरोप बारा माणसांनी ऐकला होता. माफी तिने एकटीने ऐकली.

ब्रोमाइडचा विषय मी नंतर सोडला, पण वाचत राहिलो. मेंदूतल्या ‘गाबा’ या संदेशवाहक रसायनाच्या वाहिन्यांतून ते क्लोराइडपेक्षा सहज आत शिरतं आणि पेशीला शांत ठेवतं, हे आता बरंच स्पष्ट आहे. 2022 मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने स्वमग्नतेच्या अभ्यासासाठी जनुकं बदललेल्या तीन प्रकारच्या लहान उंदरांना, ज्यांना आम्ही माइस म्हणतो, सोडियम ब्रोमाइड देऊन पाहिलं आणि त्यांच्या सामाजिक वागण्यात सुधारणा दिसल्याचं लिहिलं. दोनशे वर्षं जुन्या मिठाबद्दल नवा प्रश्न कुणी विचारतंय हे वाचून मला फार आनंद झाला. निष्कर्षाआधी मी पद्धतीचं पान उघडलं आणि खुराकाची ओळ शोधू लागलो. तशी सवयच आता डोळ्यांना आहे.

आमच्या गावचे एक पशुवैद्य अधूनमधून फोन करतात. त्यांच्याकडच्या एका कुत्र्याच्या फिट पोटॅशियम ब्रोमाइडवर दोन वर्षं थांबल्या होत्या. घरची माणसं त्याला घेऊन सुटीला कोकणात महिनाभर राहून आली आणि फिट पुन्हा सुरू. औषध एक दिवसही चुकलं नव्हतं. मात्रा वाढवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी रक्तातलं ब्रोमाइड बघा, आणि तिथे तो काय खात होता ते विचारा. महिनाभर त्याला भातात सुकट आणि खारे बोंबील कालवून घालत होते. नेहमीच्या खाण्यावर आल्यावर पातळी हळूहळू वर आली. आधी मात्रा वाढवली असती तर नेहमीच्या खाण्यावर परतल्यावर त्या कुत्र्याचं माझ्या मार्चमधल्या उंदरांसारखं झालं असतं.

निवृत्तीच्या समारंभात मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हेच सगळं सांगितलं. जानेवारीच्या त्या बैठकीतले चार शिक्षक सभागृहात होते. मामाही आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे पाहून मी म्हणालो की खाणं वहीत लिहायला हवं होतं. त्यांनी मान हलवली. ती आली नव्हती. भाषणाची प्रत मी तिला पोस्टाने पाठवली, सोबत चारही पावत्यांच्या झेरॉक्स.

महिन्याभराने तिचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, तिच्या जुन्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स होती. जुलै 1996, पहिली तुकडी. पाण्याच्या रकान्यात पहिले नऊ दिवस भरलेले होते. तिसऱ्या दिवसापासून आकडे निम्म्यावर आलेले, समोर तिच्या बारीक अक्षरात: ‘सगळ्याच पिंजऱ्यांत पाणी कमी पितात. खाणं बदलल्यामुळे? सरांना विचारणे.’ दहाव्या दिवसापासून रकाना कोरा, आणि वरून खालपर्यंत त्याच्यावर एक तिरकी रेघ. झेरॉक्समध्ये ती काळी दिसते. मूळ पानावर ती लाल आहे. त्या काळी मी लाल पेन वापरत असे.